आईच्या चालण्याचं माप

आमच्या घरात म्हातारपण हा दोन बायकांचा धंदा आहे. एक माझी बायको, दुसरी माझी धाकटी बहीण. बायको मोठ्या रुग्णालयात वृद्धांच्या विभागाची डॉक्टर. बहीण संशोधन संस्थेत म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू तपासते. मी चष्मे विकतो. म्हणजे म्हातारपण माझ्याही दुकानात येतंच, पण ते चाळिशीच्या नंबरापासून सुरू होतं आणि फ्रेमची किंमत ऐकली की परत जातं.

या दोघी शास्त्रज्ञांचा एकमेकींशी अबोला होता. तो सुरू झाला एका काठीवरून. बहिणीने आईसाठी काठी आणली होती, हलकी, मुठीला रबर लावलेली, चांगली महागातली. काही दिवसांनी ती आमच्याकडे आली, तेव्हा माझी बायको स्टुलावर उभी राहून त्याच काठीने छताची कोळिष्टकं काढत होती. "आईंना लागतच नाही, म्हटलं पडून कशाला राहायची," एवढंच ती म्हणाली. पुढे जे झालं ते ऐकायला शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या होत्या, तेव्हा मी पुन्हा सांगत बसत नाही.

भांडण काठीचं नव्हतंच. भांडण शास्त्राचं होतं. बहिणीचं म्हणणं, शरीर झिजतं, तेव्हा जे उरलंय ते जपावं. बायकोचं म्हणणं, हलाल तर चालाल, बसलात की संपलात. दोघींनी या विषयावर निबंध छापलेत. दोघींचे निबंध माझ्या घरात आहेत आणि दोन्ही मला कळत नाहीत. मला एवढंच कळतं की दोघींचा अभ्यास एकाच बाईवर चालायचा आणि ती बाई माझी आई होती.

आई एक महिना आमच्याकडे राहायची, एक महिना बहिणीकडे. नेण्या-आणण्याचं काम माझं. आमच्या दारात गाडीत चढायची ती ताठ, "दार मी लावते, तू बस" म्हणणारी. बहिणीच्या दारात उतरायची ती वाकलेली, माझ्या खांद्याला धरून, "हळू रे, हळू" म्हणणारी. मी बरेच दिवस समजत होतो की माझ्या गाडीच्या सीटमध्ये दोष आहे. शेवटी सीट बदलून घेतली. काही फरक पडला नाही. मग मी ठरवलं की रस्ता खराब आहे, आणि महापालिकेला शिव्या घालून मोकळा झालो.

अशात सरकारने वार्धक्यावरच्या संशोधनासाठी अनुदान जाहीर केलं. रक्कम भरघोस, अट एकच. अर्ज एकट्याने करायचा नाही. प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांनी मिळून करायचा, काम मिळून करायचं, मोजमाप मिळून करायचं. वरून कोणीतरी शहाण्याने ठरवलं होतं की शास्त्रज्ञ एकत्र आले की विज्ञान पुढे जातं. त्या शहाण्याला बहुतेक नणंदही नसावी आणि भावजयही नसावी.

आमच्या शहरात वार्धक्याची प्रयोगशाळा एकच आणि वृद्धांचा विभागही एकच. म्हणजे या दोघींना एकमेकींशिवाय गत्यंतर नव्हतं. बायकोला अनुदान मिळालं नसतं तर ती चरफडली असती आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली असती. बहिणीचं तसं नव्हतं. तिच्या प्रयोगशाळेचे पैसे वर्षअखेर संपत होते. पैसे नाहीत म्हणजे प्रयोगशाळेला कुलूप, आणि तिला समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचं बोलावणं येऊन पडलेलं होतं. शिवाय तिचे उंदीर. म्हातारा उंदीर बाजारात विकत मिळत नाही, तो घरचा घरी म्हातारा करावा लागतो. तिने त्यांना पिल्लं असल्यापासून वाढवलेलं. ती त्यांच्याविषयी बोलायला लागली की आपण एखाद्या वृद्धाश्रमाच्या संचालिकेशी बोलतोय असं वाटायचं.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि एकदा मी दुकानात निघालो असताना मला दारात गाठलं.

"ती तिकडे गेली तर मी तिला परत बघणार नाही," आई म्हणाली. "माझं वय तुला माहीत आहे आणि तिकडचं अंतरही. एवढा हिशेब मला येतो."

"असं काय बोलतेस? सुट्टीत येईल की."

"उंदरांना सुट्टी असते का?" आई म्हणाली आणि आत गेली.

तेव्हा अर्ज झालाच पाहिजे हे मी मनावर घेतलं. अर्ज लिहायला बहीण आमच्याकडे आली. ती बाहेरच्या खोलीत बसली, बायको स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि मी मधल्या दारात लॅपटॉप घेऊन. नशिबाने स्वयंपाकघराला दार नाही, नुसती चौकट आहे, त्यामुळे दोघींना एकमेकींचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तरी रीत ती रीत.

"अहो," बायको आतून म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, पहिल्या वर्षी रुग्णांची तपासणी होईल, उंदरांची नंतर."

"दादा," बहीण बाहेरून म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, उंदीर नंतरपर्यंत जगत नाहीत."

"अहो, त्यांना सांगा की माझे रुग्णही पंचाऐंशीच्या पुढचे आहेत. मला वाट बघायला वेळ आहे असं वाटतं का त्यांना?"

"दादा, विचार तिला, की मग दोन्ही एकदम का नाही सुरू करायचं?"

आत भांडं आपटल्याचा आवाज. "चालेल म्हणावं," बायको म्हणाली.

मी ते टाइप केलं. असा तो सबंध अर्ज झाला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभही जळायला तयार नव्हता, पण अर्ज मात्र फक्कड झाला, हे मी टाइप करणारा म्हणून सांगतो. 'अर्जदारांच्या पूर्वीच्या सहकार्याचा अनुभव' असा एक रकाना होता. तो मीच भरला, 'दोन्ही अर्जदार गेली काही वर्षे एकाच ज्येष्ठ व्यक्तीच्या देखभालीत सातत्याने सहभागी आहेत.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

घोळ झाला तो पट्टीचा. दोघींकडे चालणं मोजायची एकेक पट्टी होती. जिन्यावर अंथरतात तसल्या रबराच्या लांब पट्टीसारखी, पण आत तारा. तिच्यावरून अनवाणी चालायचं, की पावलाचा प्रत्येक ठसा लॅपटॉपवर उमटतो. पाऊल किती लांब पडलं, किती वेळ टेकलं, तोल कुठे गेला, सगळं. म्हातारपण आधी चालण्यात दिसतं, यावर दोघींचं एकमत होतं, आणि हे त्यांचं एकमेव एकमत होतं. आता नियमाप्रमाणे नातेवाइकांना संशोधनात घेता येत नाही. पण यंत्र नवीन आलं की ते चालतंय का, तारा नीट जोडल्यात का, हे बघायला कोणीतरी लागतंच. आणि दोघींनीही, एकमेकींना न सांगता, आपापल्या महिन्यात आईला चालवून बघितलं होतं.

अर्जात दोन्ही यंत्रांच्या चाचणीचे आकडे जोडायचे होते. मी मोठ्या हौसेने खाली टीप लिहिली, 'दोन्ही ठिकाणी नमुना व्यक्ती एकच.' सहकार्याचा याहून चांगला पुरावा कोणता? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरकारकडून उत्तर आलं की एकच व्यक्ती रुग्णालयाच्या पट्टीवर सत्तरीची वाटते आणि संस्थेच्या पट्टीवर नव्वदीची. तेव्हा दोहोंपैकी एक पट्टी सदोष असावी. समिती स्वतः येऊन पाहील. दोन्ही पट्ट्यांवर एका व्यक्तीचं माप सारखं आलं तर पुढचा विचार, नाहीतर अर्ज निकालात काढला असं समजावं.

"अहो, मी म्हटलं नव्हतं? यांची पट्टीच बिघडलेली. उंदरांवर वापरून वापरून," बायको म्हणाली.

"उंदरांची पट्टी वेगळी असते म्हणावं!" बहीण फोनवर ओरडली. मला तो कानापासून लांब धरावा लागला. "आणि तिच्या पट्टीचं सांगूच नको. आई तिच्यावर पळतेय असं दाखवतं ते. पळतेय! माझ्या डोळ्यांनी बघते ना मी आईला."

"मीही डोळ्यांनीच बघते," बायको माझ्या फोनकडे बघून म्हणाली.

समितीपुढे चालायला आईच हवी, यावर मात्र दोघी अडून बसल्या. प्रत्येकीची खात्री होती की आई चालली की दुसरीचं पितळ उघडं पडेल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

समिती यायच्या दिवशी सकाळी मी आईला समजावून सांगितलं. "तुला काही करायचं नाही. दोन्ही पट्ट्यांवरून चालायचं. दोन्हीकडे सारखं आलं की झालं. मग ती कुठे जात नाही."

"सारखं?" आईने चहाचा कप खाली ठेवला. "कोणासारखं?"

"अगं, तुझ्यासारखंच. नेहमीसारखं."

आईने कप पुन्हा उचलला, पण चहा प्यायली नाही. समितीची धास्ती घेतली असेल असं मला वाटलं. मीही घेतली होती.

रुग्णालयाचा मागचा लांब व्हरांडा रिकामा करून घेतला होता. खुर्च्या हलवल्या, पाण्याचं पिंप हलवलं, भिंतीला टेकून झोपलेल्या कुणा रुग्णाच्या नातेवाइकालाही हलवलं. एका टोकाला बहीण, आपल्या पट्टीच्या सुरुवातीला लॅपटॉप घेऊन. दुसऱ्या टोकाला बायको, आपल्या पट्टीच्या शेवटी. मध्ये दोन्ही पट्ट्या टोकाला टोक लावून अंथरलेल्या. समितीत तिघे होते. अध्यक्ष स्वतः पंचाहत्तरीच्या घरातले, उंच, कमी बोलणारे. दुसऱ्या एक बाई, त्या सतत टिपण काढत होत्या. तिसरे सदस्य बिस्किटांच्या बशीपाशी उभे राहिले आणि शेवटपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

"या कोण?" अध्यक्षांनी आईकडे बघून विचारलं.

"माझी आई," बहीण म्हणाली.

"माझ्या सासूबाई," बायको दुसऱ्या टोकाकडून म्हणाली.

अध्यक्षांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग माझ्याकडे. "आणि तुम्ही?"

"मी मधला," मी म्हणालो.

टिपणवाल्या बाईंनी तेही लिहून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, यंत्रच तपासायचंय, तेव्हा नात्याची हरकत नाही. चला.

आईने चपला काढल्या. बहिणीने तिचा हात धरून तिला पट्टीवर उभी केली. "हळू हं आई. घाई नाही." आई निघाली. पाऊल उचलतेय की ओढतेय कळू नये अशी. एक हात पुढे, खांदे खाली. बहीण लॅपटॉप सोडून तिच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ आईच्या पावलागणिक हलत होते. अशी आई पहिल्या पट्टीच्या टोकाला पोचली. तिथे तिने मान वर केली. समोर माझी बायको उभी होती, हाताची घडी घालून, हसत. आणि माझ्या डोळ्यांदेखत आईची पाठ सरळ झाली. दुसऱ्या पट्टीवर ती अशी चालत गेली की बिस्किटवाले सदस्य बशीसकट मागे सरले.

दोन्ही लॅपटॉपवर आकडे आले. पुन्हा तेच. इकडे नव्वदी, तिकडे सत्तरी.

"बघा!" दोघी एकदम म्हणाल्या.

अध्यक्षांनी हनुवटी खाजवली. "पट्ट्यांची अदलाबदल करा," ते म्हणाले. "माणसं आहेत तिथेच राहू द्या."

यंत्र सांभाळणाऱ्या माणसाने पट्ट्या गुंडाळल्या, जागा बदलून पुन्हा अंथरल्या, तारा जोडल्या. आता बहिणीसमोर रुग्णालयाची पट्टी होती आणि बायकोसमोर संस्थेची. आई पुन्हा निघाली. बहिणीकडून निघताना ओढत, बायकोकडे पोचताना ताडताड. या वेळी रुग्णालयाच्या पट्टीने नव्वदी दाखवली आणि संस्थेच्या पट्टीने सत्तरी.

बहीण लॅपटॉपकडे बघत राहिली. बायकोने हाताची घडी सोडली.

"दोन्ही पट्ट्या उत्तम आहेत," अध्यक्ष म्हणाले. "आजी बदलतायत."

माझ्या डोक्यात त्या क्षणी गाडीची सीट आली आणि तिच्यावर घातलेले पैसे आले. दुकानात रोज बघतो मी, माणसं खालची ओळ दिसत नसली तरी अंदाजाने वाचतात, चष्मेवाल्याला बरं वाटावं म्हणून. आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत मी रस्त्याला शिव्या घालत बसलो होतो. मला माझी लाज वाटली.

अध्यक्षांनी एक खुर्ची ओढली, आईला बसवलं, दुसरी ओढून स्वतः समोर बसले. "आजी, असं का चालता?"

आईने आधी बहिणीकडे बघितलं. "माझ्यामुळे हिचे पैसे जाणार का?"

"ते नंतर बघू. आधी सांगा."

"मी शिवणवर्ग चालवायचे," आई म्हणाली. "जन्म गेला मापं घेण्यात. टेप लावली की बाई पोट आत ओढते. माप द्यायला कोणी सरळ उभं राहत नाही हो."

"ते खरं. पण तुम्ही दोन मापं देताय."

"मग दोघी आहेत ना." आईला हे इतकं उघड वाटत होतं की तिला समजावून सांगायचाच कंटाळा आला होता. "ही माझी लेक. एकटी राहते. उंदरांच्या नादात जेवायचं विसरते. मी धडधाकट दिसले की रात्री उशिरापर्यंत तिथेच. मी जरा कण्हले, जरा वाकले, की संध्याकाळी घरी येते. माझ्यापाशी बसते. मग मी म्हणते, बसलीच आहेस तर दोन घास खाऊन घे."

बहिणीने तोंड फिरवलं.

"आणि सूनबाई?"

"तिच्याकडे दवाखानाभर म्हातारे आहेत. घरी आणखी एक कशाला? मी ताठ असले की ती सकाळी निर्धास्त बाहेर पडते. एकदा मला साधा ताप होता, तर दिवसातून चार फोन. रुग्ण ताटकळत बसवून फोन. तेव्हापासून मी कानाला खडा लावला."

बायको डॉक्टर आहे. ती रुग्णांसमोर रडत नाही, घरीही रडत नाही. तिने चष्मा काढला आणि पुसला. माझ्याच दुकानातला चष्मा आहे, त्याची काच काही इतकी मळत नाही.

अध्यक्ष थोडे पुढे झुकले. "मग आजी, तुमचं खरं चालणं कोणतं?"

"ते होय," आई म्हणाली. "ते घरात कोणी नसलं की."

अध्यक्ष उठले. "सगळे बाहेर," ते म्हणाले. "व्हरांड्यात कोणी थांबायचं नाही. आजी, आम्ही जातो. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तसं चाला. घरी कोणी नाही असं समजा."

शेजारी चादरींची खोली होती. धुतलेल्या चादरींच्या थप्प्या छतापर्यंत, आणि उरलेल्या जागेत आम्ही सगळे. लॅपटॉप एका थप्पीवर ठेवले. दार लावून घेतलं. बिस्किटवाले बशी घेऊनच आत आले होते, पण आता कोणी खात नव्हतं.

बराच वेळ पडद्यावर काही नाही. मग एक ठसा. मग दुसरा. छोटी पावलं. बहिणीपुढची होती तशी ओढलेली नव्हती, ती नाटकातली होती हे आता कळत होतं. ही नीट उचललेली, नीट टेकलेली पावलं होती. फक्त एकमेकांच्या फार जवळ. पहिली पट्टी संपायच्या आत दोन्ही पावलं शेजारी शेजारी आली आणि तिथेच राहिली.

"यंत्र अडकलं का?" टिपणवाल्या बाईंनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "थांबल्यात. दम लागलाय त्यांना."

"माझ्याकडे हळू चालते," बहीण म्हणाली. "पण मध्ये थांबत नाही ती. कधीच थांबली नाही."

"माझ्याकडेही नाही थांबत."

"वहिनी, हे कधीपासून असेल?"

"माहीत नाही हो वन्सं. मला माहीत नाही. मी डॉक्टर असून मला माहीत नाही."

दोघी एकदम दाराकडे वळल्या. अध्यक्ष दाराला पाठ लावून उभे राहिले. "जाऊ नका," ते म्हणाले. "गेलात की आजी पुन्हा बदलतील."

मग आम्ही नुसते उभे राहिलो. पडद्यावर दोन पावलं, शेजारी शेजारी, आणि दाराच्या पलीकडे ती पावलं असलेली बाई, एकटी, बहुतेक भिंतीला हात लावून. मला वाटलं, घरात कितीदा ती अशी उभी राहिली असेल, दुकान उघडं होतं तेव्हा, दवाखाना चालू होता तेव्हा. आमच्यातला प्रत्येक जण आपापल्या जागी खूश होता, कारण ती आम्हाला हवी तशी चालत होती. बहिणीने बायकोचा दंड धरला होता. केव्हा धरला ते दोघींनाही ठाऊक नसावं.

मग एक पाऊल पुढे पडलं. मग दुसरं. ती पुन्हा निघाली. दुसऱ्या पट्टीवरही मध्ये थांबली, पुन्हा निघाली, आणि शेवटाला पोचली. दोन्ही पट्ट्यांवर माप अगदी सारखं आलं होतं. ते बघायचं मात्र समितीखेरीज कोणाला सुचलं नाही.

दार उघडलं तेव्हा आई समोर ताठ उभी होती. "काय, झाले का पास?"

"आई, छातीत दुखतं का?" बायकोने तिची नाडी धरली.

"आडवी झालीस की दम लागतो का? रात्री उशा किती घेतेस?" बहिणीने दुसरा हात धरला.

"अगं, एकेक जण विचारा."

"वन्सं, तुमच्याकडे दोन जिने आहेत. दोन! रोज चढवता त्यांना."

"आणि तुमच्याकडे सकाळी दूध कोण घेतं? सगळ्यांच्या आधी उठते ती. मला सांगते ना."

"माझ्याबद्दल सांगतात तुम्हाला?"

"तुमच्याबद्दल मला, माझ्याबद्दल तुम्हाला. तुम्हाला काय वाटलं?"

"मग उंदरांचं मला का नाही सांगितलंत? प्रयोगशाळा बंद होतेय हे मला यांच्याकडून कळावं?"

'हे' म्हणजे मी. मी मध्ये पडायला तोंड उघडलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा," "तू गप्प बस." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणाचा निरोप कोणाला द्यायचा नव्हता. मी चादरींवर टेकलो.

अध्यक्षांनी घसा साफ केला. कोणी ऐकलं नाही. ते टिपणवाल्या बाईंना म्हणाले, "लिहा. अर्जदारांमध्ये थेट संवाद आढळला."

"भांडण म्हणून लिहू का, साहेब?"

"थेट संवाद," अध्यक्ष म्हणाले.

अनुदान मंजूर झालं. मंजुरीच्या पत्रात एक अट वाढवलेली होती की प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीचं चालणं जवळचे नातेवाईक समोर असताना आणि नसताना असं दोनदा मोजावं. दोघींनी ती अट अर्ध्या तासाच्या भांडणानंतर मान्य केली. विद्यापीठाला नकार कळवला. उंदीर आहेत तिथेच म्हातारे होतायत. आईच्या हृदयाची एक झडप कुरकुरत होती. त्यावर गोळ्या सुरू झाल्या. बायको म्हणते वेळेवर सापडलं. बहीण म्हणते उशिरा सापडलं. हा वाद त्या समोरासमोर घालतात, मी नाही जात मध्ये.

आता बहीण दर रविवारी आमच्याकडे येते. परवा दोघी टेबलाशी बसून पहिला अहवाल लिहीत होत्या. मी पेपर वाचत होतो. आई आपल्या खोलीतून पाणी प्यायला निघाली. बाहेरच्या खोलीच्या मध्यावर आली आणि थांबली. एका हाताने खुर्चीची पाठ धरली. समोर लेक बसलेली, शेजारी सून, आणि आई आपली उभी, तोंडाने हळूहळू श्वास घेत.

बहीण उठायला लागली. बायकोने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. बहीण बसली.

"थांबलेय जरा," आई म्हणाली. "लिहून घ्या हवं तर."

कोणी लिहिलं नाही.